सतरा नंबरची कोंबडी

कोल्हापुरात कोंबडीला तसा मान कमीच. पाहुणे आले की मटण, फुटबॉलचा सामना जिंकला की मटण, आणि हरला तर दुःख हलकं करायला पुन्हा मटणच. कोंबडी म्हणजे घाईगडबडीची सोय. पण २००६च्या फेब्रुवारीत तिकडे नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि इकडे या दुर्लक्षित पाखराचं नाव घरोघरी झालं. ज्यांनी जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं, तेसुद्धा गंभीर चेहऱ्यानं 'आम्ही हल्ली बंद केलंय' असं सांगू लागले. चिकनच्या दुकानांत मालक आणि माश्या एवढेच उरले, आणि दोघंही बसून असायचे.

अशा वेळी दुसरा कुणी असता तर चार दिवस कळ काढली असती. हंबीररावांनी महोत्सव करायचा ठरवला. हंबीरराव म्हणजे शिवाजी पेठेतल्या चिकन विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, तीन दुकानांचे मालक आणि पेठेतल्या झाडून सगळ्या डिजिटल बोर्डांवर हात जोडून उभे असलेले आधारस्तंभ. मैदानावर मांडव घालायचा, दोन हजार माणसांना फुकट चिकन-रस्सा वाढायचा आणि स्टेजवर चार मोठ्या माणसांनी सगळ्यांदेखत तंगडी फोडायची, म्हणजे लोकांची भीती मोडेल, असा त्यांचा बेत होता. चार मोठी माणसं तासाभरात मिळाली. तंगडी फुकट असली की या शहरात मोठ्या माणसांचा तुटवडा पडत नाही. अडलं होतं ते एका शास्त्रज्ञावर.

शास्त्रज्ञ कागलात होती. दीप्ती, वय एकोणतीस, कोल्हापूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि रोज कागलहून एसटीनं ये-जा करायची. तिचा थोरला भाऊ प्रसेनजीत, आईचा परसू, कागलच्या बाहेर पोल्ट्री चालवायचा आणि त्याच्या शेडमधली पाखरं हंबीररावांच्या दुकानांत जायची. त्यामुळे शास्त्रज्ञाला विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. प्रसेनजीतनं परस्पर होकार देऊन टाकला आणि बोर्डावर दीप्तीचं नाव 'जागतिक कीर्तीच्या जंतुतज्ज्ञ' म्हणून छापूनही आलं. ही जागतिक कीर्ती तोवर कागलच्या स्टँडपर्यंतही पोचलेली नव्हती.

"तू फकस्त एवढंच सांगायचं," प्रसेनजीत जेवताना म्हणाला, "की शिजवलेलं चिकन खायला कायबी धोका न्हाय. खोटं हाय का ह्यात?"

"खोटं न्हाय, दादा."

"मग झालं की."

खोटं नव्हतं, तीच तर अडचण होती. खोटं बोलायला सांगितलं असतं तर दीप्तीनं ताट सरकवलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. इथं तिला खरंच बोलायचं होतं, फक्त अर्धं. उरलेलं अर्धं आईच्या लोखंडी ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली पडलं होतं.

गेलं वर्षभर दीप्ती आणि तिचे विद्यार्थी शहरातल्या चाळीस दुकानांतून कच्चं चिकन आणून तपासत होते. जंतू सापडले याचं तिला नवल वाटलं नाही. कच्च्या मांसात ते असायचेच. नवल पुढं होतं. हे जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, त्यावर आठ निरनिराळ्या अँटिबायोटिक औषधांच्या आठ टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, अशी ती साधी परीक्षा असते. ज्या औषधानं जंतू मरतात, त्या टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. सतरा नंबरच्या बशीत सात टिकल्यांना रिंगणच नव्हतं. जंतू अगदी टिकलीला खेटून, पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसले होते. एका आठव्या टिकलीनं तेवढी आपली जागा राखली होती. दीप्तीनं परीक्षा तीनदा घेतली. जंतू तिन्ही वेळा पास झाले.

सतरा नंबरचं पाखरू कुठलं, असं तिनं त्या दुकानात जाऊन विचारलं तेव्हा दुकानदार कौतुकानं हसला. "तुमच्या दादाचंच की वो मॅडम. घरचाच माल."

त्या रविवारी ती पहिल्यांदा शेडमध्ये डोळे उघडे ठेवून गेली. पाण्याच्या टाकीत रोज सकाळी पावडर पडत होती. आजारी कोंबडीसाठी नाही, सगळ्यांसाठीच. आजारी पडू नयेत म्हणून आणि वजन भराभर चढावं म्हणून. माणसाला जुलाब लागले की डॉक्टर जी गोळी लिहितात, तिचीच ती चुलत बहीण. रोज थोडं थोडं औषध मिळालं की कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात आणि पुढं त्या पक्क्यांचीच प्रजा वाढते. थोडक्यात, दादा शेडमध्ये जंतूंची तालीम चालवत होता, खुराकासकट, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"रिपोर्टात माझं नाव येणार?" सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं होतं.

"नाव न्हाय. नंबर."

"हंबीररावास्नी नंबरावरनं नाव काढाय किती येळ लागतोय? उद्या माल घ्यायचा बंद केला तर पाच हजार पाखरं कुठं नेऊ? दिप्ते, आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायाची, ती ह्या शेडमुळं घरात बसली. तुझी एम.एस्सी. ह्याच कोंबड्यांनी केलीया."

हे शंभर टक्के खरं होतं. कॉलेजात विभागप्रमुख इरावतीबाईंनी रिपोर्ट वाचून चष्मा पुसला आणि "काम फारच चांगलं आहे, म्हणूनच घाई नको. हे बर्ड फ्लूचं वातावरण जरा निवळू दे," असं सांगितलं. वाईट काम असतं तर कदाचित त्यांनी लगेच पाठवलं असतं. मग प्रसेनजीतनंच तो रिपोर्ट उचलून ट्रंकेत ठेवला. आईनं, बायडाबाईनं, कागद महत्त्वाचे दिसतात म्हणून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दीप्तीला त्या वेळी लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

महोत्सवाच्या दिवशी मार्चचं ऊन मांडवावर तापत होतं. बायडाबाई नवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती. चौसष्ट वर्षांची, साखरेचा आजार असलेली ही बाई एरवी कागलच्या बाजारालाही जायला कुरकुरायची. पण लेकीचं नाव बोर्डावर आलंय म्हटल्यावर सकाळी सहापासून तयार होती. शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना ती एकेक करून सांगत होती, "ती चष्मेवाली माझी."

हंबीररावांनी स्टेजवर रस्सा उकळत्या पातेल्यासकट चढवला होता. दीप्तीनं प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर रश्शात बुडवला. लग्नात अंतरपाट धरल्यावर व्हावी तशी शांतता झाली.

"शहाण्णव," ती म्हणाली.

"शहाण्णव डिग्री," हंबीरराव माईकवर गरजले. "आता कुठला जंतू जगतोय ते मला दाखवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेत गणितात कुणाला शहाण्णव मिळाल्याचंही पेठेनं कधी एवढं कौतुक केलं नसेल.

मग दीप्ती बोलली. सत्तर अंशांच्या वर नीट शिजलेल्या चिकनमध्ये असे जंतू टिकत नाहीत, हे तिनं शांतपणे सांगितलं. 'शिजलेल्या' हा शब्द तिनं मुद्दाम तीन वेळा घेतला. लोकांनी 'जंतू टिकत नाहीत' एवढं ऐकलं आणि ते पंगतीकडं धावले. चार मोठ्या माणसांनी कॅमेऱ्याकडं बघत तंगड्या फोडल्या. त्यातल्या एकानं तर फोटो नीट आला नाही म्हणून दुसरी फोडली.

हात धुवायला म्हणून दीप्ती मांडवाच्या मागं गेली आणि तिथंच थबकली. संघटनेचे सगळे दुकानदार आपापले सुरे आणि आपापले लाकडी ओंडके घेऊन आले होते. सकाळी याच ओंडक्यांवर त्यांनी क्विंटलांनी कोंबडी तोडली होती. आता तांब्याभर पाणी मारून त्याच ओंडक्यांवर, त्याच सुऱ्यांनी कांदा चिरणं चाललं होतं. कांदा-लिंबाशिवाय ताट वाढलं तर पेठेची अब्रू जाईल. आणि आयुष्यभर चिरण्या-तोडण्याचंच काम केलेली माणसं हजर असताना कांदा चिरायला बायका कशाला बोलवायच्या? सेवा होती ती. घाम पुसत, हसत-खेळत, मोठ्या प्रेमानं चालली होती. कोंबडीही प्रसेनजीतच्याच शेडची होती, महोत्सवासाठी त्यानं खास निवडून दिलेली.

रिपोर्टाची शेवटची दोन पानं याच ओंडक्यांबद्दल होती. मांसापेक्षा ओंडक्याच्या भेगांत जंतू जास्त निघाले होते. रश्शातले शहाण्णव अंशांनी मेले असतील. हा कांदा तर कच्चाच पानात पडणार होता.

तिनं हंबीररावांना बाजूला घेतलं. "साहेब, हा कांदा वाढू नका. कच्च्या चिकनच्या ओंडक्यावर चिरलाय."

"धुतलाय की ओंडका. पाणी मारलंय."

"पाण्यानं जात नाही ते."

हंबीररावांनी तिच्याकडं मायेनं बघितलं. "मॅडम, कांद्याला बर्ड फ्लू हुत असतोय व्हय?" चार मोठी माणसं मोकळ्या मनानं हसली. त्यांची तोंडं भरलेली होती, त्यामुळे हसणं जरा जपून झालं.

माईक हाताच्या अंतरावर होता. तो उचलायचा आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण सांगितलं की लोक विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग ओंडके आले, बशी आली, सतरा नंबर आला, दादा आला. प्रसेनजीत पंगतीत वाढत होता. त्यानं वाढता वाढता मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तेवढ्यात कुणीतरी माईक उचलून नेला आणि त्यावर देशभक्तीची गाणी लावली. दीप्तीनं तो अडवला नाही. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही.

ती धावत आईकडं गेली. बायडाबाईला जेवणात दुसरं काही नसलं तरी चालायचं, कांदा लागायचा. पान निम्मं झालं होतं आणि कांद्याची दुसरी मूठ संपत आली होती. दीप्तीनं उरलेला कांदा पानातून उचलला.

"आगं, खाऊ दे की," आई म्हणाली. "तूच आत्ता सांगितलंस न्हवं, कायबी हुत न्हाय म्हणून." आणि शेजारणीकडं वळून तिनं पुन्हा एकदा सांगितलं, "माझी लेक."

महोत्सव जोरात झाला. पेपरात फोटो आले, दुकानांत पुन्हा गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवसापासून पेठेत बऱ्याच घरांत संडासापुढं रांगा लागल्या, पण ते ऊन बाधल्यामुळं, असं हंबीररावांनी जाहीर केलं आणि सगळ्यांना पटलं. औषधाच्या दुकानांतून नेहमीच्या गोळ्यांची पाकिटं गेली. तरणीताठी माणसं चार दिवसांत आपली आपण बरी झाली आणि श्रेय गोळीला दिलं. गोळीनं काहीच केलेलं नव्हतं, पण तिची तक्रार नव्हती.

बायडाबाई बरी झाली नाही. जुलाब थांबेनात, मग थंडी वाजून ताप भरला. चौथ्या दिवशी तिला कोल्हापुरात एका दवाखान्यात ठेवलं. जंतू रक्तात उतरलेत, असं डॉक्टर म्हणाले. बाटलीतून औषध सुरू झालं, त्याच नेहमीच्या गोळीचं बाटलीतलं रूप. दोन दिवस ते थेंबाथेंबानं आत जात राहिलं आणि ताप जागचा हलला नाही. हा जंतू दुसराच कुठला तरी असेल, असं दीप्ती स्वतःला समजावत राहिली. सहाव्या दिवशी दुपारी रक्तदाब खाली यायला लागला. आई माणसं ओळखेनाशी झाली.

"रक्त तपासणीला पाठवलंय," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या औषधाला दाद देतंय ते कळायला अजून दोन दिवस लागतील. दोन दिवस म्हणजे..."

दीप्ती बाहेर आली. नर्सनं आईच्या बांगड्या आणि कमरेची किल्ली रुमालात बांधून दिली होती. तिनं किल्ली सोडवून भावाच्या हातात ठेवली. "दादा, ट्रंकेतनं रिपोर्ट आण."

ज्यानं तो रिपोर्ट लुगड्यांखाली घातला होता, तोच मोटारसायकलला किक मारून कागलला गेला आणि तासाच्या आत शर्टाच्या आत कागद धरून परत आला.

डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं. "हा कोंबडीचा रिपोर्ट आहे."

"हो," दीप्ती म्हणाली. "आईनं त्याच शेडची कोंबडी खाल्लीय. कांद्याला लागलेली. सतरा नंबर बघा."

डॉक्टर खुर्चीत नीट बसले. सतरा नंबरच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि सातव्या औषधापर्यंत त्यांचा चेहरा उतरत गेला. ते देत होते ते औषध तिसरं होतं. "आठवं तेवढं चालतंय?"

"तेवढंच."

"हे आधी कुठं होतं?" त्यांनी विचारलं. चाळीस पानांच्या त्या रिपोर्टाला अखेर जाणता वाचक मिळाला होता, आणि तो पेशंटच्या खाटेशी उभा होता. त्यांनी आठव्या औषधाचं इंजेक्शन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप थोडा उतरला. त्याच्या पुढच्या दिवशी बायडाबाईनं डोळे उघडले आणि चहा मागितला, साखरेचा मागितला, तेव्हा आई परत आली हे दीप्तीला कळलं. ती भिंतीकडं तोंड करून पोटभर रडली. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. सात औषधं निकामी, आठवं चालू. सतरा नंबरच्या ओळीची जणू नक्कलच काढली होती.

"दादा, मी सोमवारी रिपोर्ट देणार हाय," ती व्हरांड्यात म्हणाली. "इरावतीबाईंनी घेतला न्हाय तर पेपरात देणार. ओंडक्यांचं, पावडरीचं, सगळं. ह्या वेळी नंबर न्हाय, नाव."

"दे," प्रसेनजीत म्हणाला. "माझं पयलं घाल." एवढं बोलून तो बाकावर बसला. आईच्या इंजेक्शनची रिकामी बाटली त्यानं कधी उचलून घेतली होती कुणास ठाऊक. तो तिच्यावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचत होता. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं.

"दिप्ते, ह्ये औषध कोंबडीला देत्यात?"

"का रं?"

"त्यो पावडरीचा कंपनीवाला आलता महोत्सवाच्या आदल्या दिवशी. नवीन पावडर दिलीया. म्हणला, जुनीला आजार जुमानत न्हाय आता, ही वापरून बघा, फुकट हाय." त्यानं बाटली तिच्यापुढं धरली. "नाव जरा येगळं हुतं. पण पयली अक्षरं हीच हुती."

दीप्तीनं ते नाव विचारलं. त्यानं आठवून, चाचरत सांगितलं. नाव वेगळं होतं, कूळ आठव्याचंच होतं.

"पाकीट फोडलंस?"

"मी न्हाय. जोतीरामाकडं दिलंय."

जोतीराम म्हणजे शेडवरचा गडी, वीस वर्षं जनावरं-पाखरं सांभाळलेला, सांगितलेलं काम कधी न विसरणारा. प्रसेनजीतनं मोबाइल काढून शेडवर फोन लावला. जोतीरामाला फोनवर ओरडूनच बोलायची सवय होती, त्यामुळे दीप्तीला सगळं ऐकू येत होतं.

"घातली की वो दादा. तुमी दवाखान्यात, म्हणून मीच चालू केली. चार दिस झालं. लई झकास पित्यात."

"टाकी ओतून टाक. आत्ताच्या आत्ता."

"ओततो की. पण आता उपेग काय? निम्मी पाखरं काल सकाळीच गेली. हंबीररावांनी दोन गाड्या धाडल्या हुत्या. महोत्सवापासनं पेठंत लई मागणी हाय म्हणं."

प्रसेनजीतनं फोन बंद केला आणि तो नुसताच हातात धरून बसला. आतून बायडाबाईची हाक आली, बारीक, पण ओळखीची.

"परसू, कुणाचा फोन हुता रं?"

"जोतीरामाचा."

"पाखरं बरी हायत न्हवं?"

त्यानं बहिणीकडं बघितलं. मग आईला ऐकू जाईल असं म्हणाला, "बरी हायत, आई. एकबी आजारी न्हाय."

"मग झालं की," बायडाबाई म्हणाली आणि निवांत कुशीवर वळली.